मेतकुटाच्या डबीवरची सासू

बँकेच्या फॉर्मवर 'व्यवसाय'समोर बारा चौकोन.
मी मोजले. सवयच आहे मला मोजायची,
समास, ओळींमधली हवा,
दुकानाच्या पाटीवर 'ळ' किती जागा खातो ते.
काउंटरवरचे काका म्हणाले, "गृहिणी लिहू?"
"नको."
"मग शिकताय?"
तेही खरंच, पण तसं नाही.

या आठवड्यात मी
कर्वेनगरच्या दंतवैद्यांसाठी एक हसरी दाढ काढली.
(तिला पाय हवेत, म्हणाले. दिले. मग म्हणाले, बूट.)
अप्पा बळवंत चौकातल्या गाइडवाल्यांना
सातवी भूगोलाचं मुखपृष्ठ,
ज्वालामुखी 'जरा कमी भडक' हवा होता त्यांना.
आणि रात्री दीडला, स्वतःसाठी,
कथेचा तोच पहिला परिच्छेद, नवव्यांदा.
त्यातला माणूस अजून जिनाच उतरतोय.
गुडघे दुखत असतील.

मग कुलथेबाई आल्या, बिबवेवाडीहून दोन बस बदलून,
पिशवीत मेतकुटाच्या तीन डब्या.
लेबल हवं. पिवळं, पण भंडाऱ्याचं पिवळं नको.
"आणि मागे चार ओळी लिही गं,
सासूबाईंची कृती, पिढ्यानपिढ्या, असलं काहीतरी.
लोकांना आवडतं."
"कशा होत्या सासूबाई?"
"मला कुठली सासू," बाई म्हणाल्या,
झाकण उघडून पुन्हा लावत.
"लग्नच नाही केलं मी."

तरी मी सासू केली.
हात बसलाय.
डाव्या हाताने जातं ओढणारी,
भाजताना कुणाशी न बोलणारी,
बोललं की उडीद करपतात म्हणे.
दोन दिवसांत तिचं माझं मेतकूट असं जमलं
की माझ्या चहातली साखर तिला खटकू लागली.
चार ओळींत मावेना. अक्षर सहा पॉइंटवर आणलं,
तरी पदर लेबलाबाहेर.

तिसऱ्या दिवशी फोन केला.
"बाई, खरं कुठे शिकलात?"
पलीकडचा मिक्सर थांबला.
टेलिफोन खात्यात होते, म्हणाल्या, ट्रंक बुकिंगला.
रात्रभर लोकांना त्यांची माणसं जोडून द्यायची
आणि पहाटे खोलीवर येऊन भात टाकायचा.
भाताबरोबर असं काहीतरी हवं होतं
ज्याला दुसरं माणूस लागत नाही.
तीनदा जाळलं. चौथ्यांदा जमलं.

तेवढंच छापलं.
'जाळलं'चं मी 'करपलं' केलं होतं,
त्यांनी पेन्सिलीने परत 'जाळलं' केलं.
पैसे मोजून दिले. पावतीवर माझ्या ऋजुताचा
'रु' झाला होता, रुपयांचा असतो तसा.
राहू दिला.

सासू उरली.
उरलेल्या कागदाच्या मी वह्या बांधते.
उरलेल्या माणसांना रविवारी
दत्तवाडीच्या आमच्या पार्किंगमध्ये नेते,
स्कूटरींच्या मधल्या जागेत, सतरंजीवर,
जिथे सात मुलं असतात आणि थोडा लांब
वॉचमनकाकांचा भाचा बालाजी, मुखेडचा,
टायरला टेकून, ऐकत नसल्यासारखा.
तिला तिथे बसवलं. जातं दिलं.
भुतांसाठी मेतकूट करायला लावलं,
एकटी राहतात ती, कोरडा भात किती गिळणार.
"तिला सून नव्हती?" अन्विताने विचारलं.
"होणार होती," मी म्हणाले,
"पण तिला रात्रपाळी होती."
कुणी हसलं नाही.
बालाजी टायरकडे बघत म्हणाला,
"मग म्हातारीनं डबा धाडला असंल."

मला हे सुचलं नव्हतं.
घरी येऊन जिन्यातल्या त्या माणसाच्या हातात
एक डबा दिला. दोन पायऱ्या उतरला.

फॉर्म अजून पर्समध्ये, घडीवर शाई पुसट.
'डबा पाठवते'ला सात चौकोन लागतात,
मधला एक रिकामा धरून.
पाच उरतात. असू देत, हवा.
काकांना चालणार नाही.

दंतवैद्यांचा निरोप आलाय:
बुटांना नाड्या हव्यात.